मोडलेली चावी फेकू नका

गाडीची चावी मोडली की घाईघाईत दोन गोष्टी हातून होतात. मोडका तुकडा कचऱ्यात जातो, आणि 'आता नवीनच करावी लागेल' असं जो पहिला म्हणेल त्याच्यापुढे आपण मान डोलावतो. माझी विनंती आहे की या दोन्ही गोष्टी टाळा. मोडलेल्या चावीतला सगळ्यात महागडा भाग बहुतेक वेळा शाबूत असतो. तो फेकला गेला तर काहीशे रुपयांत उरकणारं काम हजारोंच्या घरात जातं, आणि गाडी तोवर दारात उभी राहते. ज्याची गाडी फक्त रविवारी निघते त्याला हे परवडेलही. पण जो पहाटे चारला विमानतळाचं भाडं उचलतो, जो रोज भाजीचा टेम्पो बाजार समितीत नेतो, ज्यांच्या घरात आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं माणूस आहे, त्यांना गाडीवाचून दोन दिवस काढणं अवघड जातं. मुख्यतः त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

आजच्या चावीत, एकाच प्लास्टिकच्या कव्हराच्या आत, तीन निरनिराळ्या वस्तू बसवलेल्या असतात. कुलूप फिरवणारं धातूचं पातं, दारं उघडणारा रिमोट आणि इंजिन चालू होऊ देणारी चिप. प्रत्येकीचं काम वेगळं आणि बिघडण्याची तऱ्हाही वेगळी. १९८३ साली आलेल्या पहिल्या मारुती ८००ची, किंवा त्याआधीच्या फियाट-अँबॅसडरची चावी म्हणजे नुसतं पातं होतं. चौकातल्या चावीवाल्यानं कोरी चावी वाइसमध्ये धरून कानशीनं खाचा पाडल्या की गाडी सुरू व्हायची. अर्थात ती चोरालाही तितक्याच सहज सुरू करता यायची, आणि म्हणून चिप आली.

चिपचं काम समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे. इग्निशनच्या लॉकभोवती तारेचं एक बारीक वेटोळं असतं. चावी घालून फिरवली की ते वेटोळं साधारण १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतं. चिप त्या क्षेत्रातूनच आपल्यापुरती वीज घेते आणि गाडीच्या संगणकाला आपली ओळख सांगते. ओळख पटली तरच इंजिन चालू राहतं. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. ब्रिटनमध्ये १९९८पासून ती नव्या मोटारींना सक्तीची झाली. आपल्याकडे ती नंतर हळूहळू छोट्या गाड्यांतही रुळली. मारुतीच्या गाड्यांत 'आयकॅट्स' हे नाव तुम्ही वाचलं असेल, ते याच व्यवस्थेचं. या चिपला सेल लागत नाही. चावीतला सेल संपला, तो काढून ठेवला, तरी चिप आपलं काम करत राहते. सेल फक्त रिमोटसाठी असतो. हे माहीत नसल्यामुळे किती तरी लोक सेल संपला म्हणून टोइंगची गाडी बोलावतात.

तेव्हा चावी बिघडली असं वाटलं की आधी पाच मिनिटं थांबा आणि नेमकं काय चालत नाही ते पाहा. बटण दाबून दारं उघडत नाहीत, पण पातं घालून गाडी सुरू होते आहे, तर दोष सेलचा, बटणाचा किंवा रिमोटच्या सर्किटचा आहे. तुमची गाडी अडलेली नाही. स्टार्टर फिरतो, पण इंजिन पकडत नाही किंवा पकडून लगेच बंद पडतं, आणि डॅशबोर्डवर चावीचं किंवा कुलपाचं चिन्ह लुकलुकत राहतं, तर बहुतेक चिपची ओळख पटत नाही. पातं आत जातं पण फिरत नाही, तर पातं झिजलं असेल, लॉक झिजलं असेल, किंवा काहीच झालं नसेल आणि फक्त स्टिअरिंग अडकलं असेल.

हे शेवटचं कारण जरा सविस्तर सांगतो, कारण धडधाकट चाव्या मोडतात त्या इथे. चावी काढल्यावर स्टिअरिंग थोडं फिरलं की आतला खटका बसतो आणि ते लॉक होतं. चाकं वळलेली असतील, चढावर गाडी लावलेली असेल, तर सगळा ताण त्या खटक्यावर येतो. मग चावी फिरत नाही. माणसाला वाटतं चावी अडकली, तो चिमटीत धरून जोर लावतो, आणि आधीच झिजलेलं पातं पिळवटून तुटतं. करायचं एवढंच असतं की एका हातानं स्टिअरिंग ज्या बाजूला किंचित सैल होतं त्या बाजूला दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं चावी हलकेच फिरवायची. घरात जे कोणी नवीन गाडी शिकलं असेल त्याला हे आजच करून दाखवा. आणि चावीला घराच्या, दुकानाच्या, कपाटाच्या किल्ल्यांचा जुडगा लटकवू नका. गाडी खडबडीत रस्त्यावर चालते तेव्हा तो सगळा भार पात्यावर आणि लॉकवर हिंदकळत असतो.

सगळ्यात जास्त मोडतं ते कव्हर. कडी अडकवायचं भोक तुटतं, रबराची बटणं फाटतात, फ्लिप चावीतली स्प्रिंग सुटते, पात्याला धरून ठेवणारी बारीक पिन निसटते आणि पातं लुळं पडतं. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवीन चावी लागत नाही. तुमच्या मॉडेलचं रिकामं कव्हर चावीवाल्याकडे, मोटारीच्या ॲक्सेसरीजच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळतं. जुन्या कव्हरातलं सर्किट, चिप आणि पातं काढून नव्यात बसवायचं, की झालं. कोडिंगची, म्हणजे गाडीच्या संगणकात चावीची नव्यानं नोंद करण्याची, गरज नसते, कारण गाडीच्या लेखी चावी तीच आहे. नव्या कव्हराबरोबर कधी कधी कोरं पातं येतं. ते कापून घेण्यापेक्षा जुनंच पातं पिन ठोकून नव्यात बसवता येतं का, हे आधी विचारा. कोणी कव्हर तुटल्यावर 'पूर्ण सेट बदलावा लागेल, कोडिंग करावं लागेल' म्हणालं, तर नम्रपणे चावी परत घ्या आणि दुसरीकडे दाखवा.

कव्हर घरी बदलणार असाल तर एक काळजी घ्याच. काही चाव्यांत चिप सर्किटवरच जडवलेली असते, पण बऱ्याच चाव्यांत ती वेगळी असते. काळ्या रंगाची चपटी गुटी, किंवा तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी काचेची नळी. कव्हराच्या एका कोपऱ्यातल्या खाचेत ती नुसती खोवलेली असते आणि दिसायला इतकी क्षुल्लक असते की माणूस तिला प्लास्टिकचा तुकडा समजतो. हीच ती महागडी वस्तू. म्हणून कव्हर स्टीलच्या ताटात किंवा पांढऱ्या कापडावर उघडा. उघडण्याआधी आणि उघडल्यावर मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे कोण कुठे बसलं होतं ते कळेल. चावी हातातून पडून फुटली आणि त्यानंतर गाडी सुरू होईना, तर पडली त्या जागी टॉर्च लावून शोधा. नव्या कव्हरातल्या चावीनं गाडी दोन-तीनदा सुरू होऊन दाखवीपर्यंत जुन्या कव्हराचा एकही तुकडा टाकू नका.

झटपट चिकटणारा गोंद चावीला लावू नका. तो पातळ असतो, कडेकडेनं आत ओघळतो आणि बटणांखालचे बारीक स्विच कायमचे घट्ट करून टाकतो. मग पन्नास-शंभर रुपयांच्या रबरी बटणांच्या जागी सर्किट बदलायची वेळ येते. प्रवासात कव्हर फुटलं तर चिकटपट्टी गुंडाळून दिवस काढा. दिसायला वाईट दिसेल, पण काही बिघडणार नाही.

पातं लॉकच्या आत तुटलं तर काय करायचं? सगळ्यात आधी, काहीही आत घालू नका. हातात राहिलेला अर्धा भाग आत खुपसून बघायचा मोह प्रत्येकाला होतो, आणि त्यानंच आतला तुकडा आणखी खोल जातो. तुटक्या टोकाला गोंद लावून तो चिकटवून ओढायचा प्रयोग तर मुळीच नको. गोंद तुकड्याबरोबर लॉकच्या आतल्या धातूच्या पातळ पत्त्यांनाही धरतो आणि मग तुकड्याबरोबर सगळं लॉकच बदलावं लागतं. तुकडा थोडा बाहेर डोकावत असेल आणि लॉक 'ऑफ'वर असेल, तर टोकदार चिमट्यानं सरळ रेषेत ओढून पाहायला हरकत नाही. लॉक अर्धवट फिरलेल्या स्थितीत पातं तुटलं असेल तर तुकडा निघणारच नाही, कारण त्या स्थितीत आतले पत्ते त्याला धरून ठेवतात. आधी लॉक मूळ जागी आणावं लागतं. ते चावीवाल्याचं काम आहे. त्याच्याकडे बारीक आकड्याची हत्यारं असतात, आणि सरावलेल्या हाताला त्यासाठी फार वेळ लागत नाही.

दोन्ही तुकडे त्याच्याकडेच द्या. दोन तुकडे जोडून ठेवले की त्यांच्या खाचांवरून नवीन पातं कापता येतं. लॉक कोरडं झालं असेल तर तो ग्रॅफाइटची पूड घालेल. घरचं खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल त्यात सोडू नका. आपल्याकडच्या धुळीत त्याचा चिखल होतो.

वाटेत अडकला असाल तर हेही कळलेलं बरं. पातं तुटलं पण चावीचं डोकं हातात आहे, म्हणजे चिप हातात आहे. जवळच्या गावातला चावीवाला बहुतेक वेळा त्याच खाचांचं साधं, चिप नसलेलं पातं कापून देऊ शकतो. ते इग्निशनमध्ये घालायचं, तुटक्या चावीचं डोकं लॉकला अगदी टेकवून धरायचं आणि चावी फिरवायची. वेटोळ्याला चिप सापडते आणि गाडी सुरू होते. गणपतीला कोकणात निघालेल्या किंवा वारीहून परतणाऱ्या कुटुंबाला घरी पोचायला एवढं पुरतं. मात्र ही सोय घरी पोचेपर्यंतचीच समजा. काहीजण नंतर ती चिप स्टिअरिंगखाली कायमची चिकटवून टाकतात, म्हणजे साध्या पात्यानं गाडी चालते. तसं केलंत की तुम्ही इमोबिलायझर स्वतःच्या हातानं निकामी केलात. गाडी चोरीला गेली आणि ही गोष्ट विम्याच्या तपासात निघाली, तर तुमची बाजू लंगडी पडेल.

रिमोटचा सेल बदलणं हे घरचं काम आहे. सेलवरच त्याचं माप छापलेलं असतं. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड; सीआर २०२५ तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाड. सीआर १६२० लहान. तिन्ही ३ व्होल्टचे असले तरी एकाच्या जागी दुसरा बसवू नका, कारण पातळ सेल सैल बसतो आणि रिमोट कधी चालतो कधी नाही. नाव असलेल्या कंपनीचा, बंद पाकिटातला सेल घ्या. त्याची किंमत चहा-नाश्त्याएवढी असते. दाराजवळ जाऊन दोनदा बटण दाबावं लागायला लागलं की पुढच्या बाजारहाटीत तो बदलून टाका.

पण या सेलबद्दल मला जे खरंच सांगायचं आहे ते वेगळं आहे. ज्या घरात लहान मूल आहे तिथे हा सेल विषासारखा जपा. रांगत्या, दुडुदुडु चालणाऱ्या मुलानं तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर ओल्या त्वचेतून वीज वाहायला लागते, तिथे तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांच्या आत अन्ननलिका भाजून निघते. चावी चालवायला निकामी झालेल्या सेलमध्येही एवढी इजा करण्याइतकी ताकद उरलेली असते. मूल रडेलच असं नाही. कधी फक्त लाळ गळते, खोकला येतो, ते जेवायला नाही म्हणतं. नुसती शंका आली तरी थेट अशा रुग्णालयात न्या जिथे एक्स-रे आहे आणि दुर्बिणीनं सेल काढण्याची सोय आहे, आणि दारातच सांगा की बटणाचा सेल गिळला असावा. ओकारी काढू नका. मूल एक वर्षाहून मोठं असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि त्याला गिळता येत असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध देत जा, जास्तीत जास्त सहा वेळा. त्यानं इजा कमी होते. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचा नाही. आणि मध शोधण्यात वेळ घालवायचा नाही. घरात असेल तर बरोबर घ्या आणि निघा. सेल नाकात किंवा कानात घातला असेल तरी तितक्याच तातडीनं निघा.

म्हणून कव्हर फुटलेली, सेल बाहेर डोकावणारी चावी मुलाला खेळायला देऊ नका. रडणाऱ्या बाळाच्या हातात गाडीची चावी देऊन त्याला गप्प करण्याची आपल्याकडे सवय आहे, ती सोडा. जुन्या सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावा आणि तो ई-कचऱ्यात द्या.

चावी पाण्यात पडली, पँटच्या खिशातून धुण्याच्या मशीनमध्ये गेली, पावसात चिंब झाली, तर बटण दाबून 'चालते का' हे पाहू नका. ताबडतोब कव्हर उघडा आणि सेल काढा. समुद्राच्या पाण्यात भिजली असेल तर सर्किट आधी स्वच्छ गोड्या पाण्यात धुऊन घ्या, कारण मीठ तांबं खातं. अलिबाग, गुहागर, कळंगुटला हे नेहमीचं आहे. मग औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं मऊ ब्रश फिरवून पुसा आणि पंख्याखाली दिवसभर ठेवा. तांदळात पुरल्यानं काही होत नाही, उलट पिठूळ भुकटी आत जाते. हेअर ड्रायरची गरम हवाही नको. दरम्यान पात्यानं गाडी सुरू करून पाहा; काचेच्या नळीतल्या चिपला पाण्याचं काही वाटत नाही.

बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर हा परिच्छेद वाचून झाल्यावर गाडीपाशी जा. तुमच्या चावीच्या आत एक छोटं पातं लपवलेलं आहे. बाजूचा खटका सरकवला की ते बाहेर येतं. ड्रायव्हरच्या दारावर त्याचं भोक आहे. काही गाड्यांत ते हँडलच्या टोपणाखाली झाकलेलं असतं. सेल संपला तर या पात्यानं दार उघडायचं आणि चावी स्टार्टच्या बटणाला टेकवून ब्रेक दाबून गाडी सुरू करायची, कारण आतली चिप इथेही सेलशिवाय ओळखली जाते. चावी नेमकी कुठे टेकवायची हे मॉडेलनुसार बदलतं आणि ते गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेलं असतं. दिवसाउजेडी, घरासमोर, एकदा सगळं करून पाहा. महाबळेश्वरच्या धुक्यात रात्री नऊ वाजता पुस्तिका चाळायची वेळ कोणावर येऊ नये.

आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचं की चावीवाल्याकडे? माझं मत असं. सेल, कव्हर, बटणं, पातं, लॉकमधला तुकडा, ही कामं चांगल्या चावीवाल्याकडे द्या. तो ती रोज करतो आणि पैसेही माफक घेतो. एक चावी चालू आहे आणि साध्या चिपची दुसरी हवी आहे, तरी चालेल, फक्त त्याच्याकडे प्रोग्रामर मशीन हवं. ते डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला जोडतात. पातं दोन्ही बाजूंनी नाली पाडलेलं, म्हणजे लेझर कटचं असेल, तर त्यासाठीही वेगळं मशीन लागतं. हातानं ते होत नाही. स्मार्ट चावी असेल, गाडी वॉरंटीत असेल, किंवा सगळ्या चाव्या गेल्या असतील, तर कंपनीकडे जा. तिथे आरसी आणि ओळखपत्र मागतील, चावी मागवायला काही दिवस लागतील, पैसे जास्त पडतील. पण बिल मिळेल आणि ते बिल पुढे विम्यासाठी उपयोगी पडेल.

चावीवाला कोण निवडायचा? जो आरसी पाहिल्याशिवाय गाडीच्या चावीला हात लावत नाही, तो. आरसी मागितली म्हणून रागावू नका. तो तुमच्याच गाडीची काळजी घेतो आहे. आधी पूर्ण रक्कम ठरवा, त्यात कोडिंग धरलं आहे का ते विचारा, आणि काम होईपर्यंत तिथेच उभे राहा. चावी ठेवून जाऊ नका. कोडिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या बरोबर न्या. काही गाड्यांत नवीन चावी नोंदवताना जुनी यादी पुसली जाते, आणि जी चावी त्या वेळी हजर नसते ती नंतर चालत नाही. चावी हरवली असेल तर याच गोष्टीचा फायदा घ्या. नवीन करताना स्पष्ट सांगा की हरवलेली चावी गाडीच्या मेमरीतून काढा. ती काढली की सापडणाऱ्याला त्या चावीनं इंजिन सुरू करता येत नाही. दारं मात्र पात्यानं उघडतील, म्हणून घरचा पत्ता असलेली कागदपत्रं गाडीत ठेवू नका.

दुसरी चावी पहिली चालू असतानाच करून घ्या. चालू चावी हातात असली की काम सोपं असतं. एकही चावी नसेल तर लॉक उघडण्यापासून सुरुवात, गाडीचा सुरक्षा पिन मिळवणं, कधी इग्निशनपासून दारांपर्यंत सगळा लॉकसेट बदलणं, आणि त्याआधी गाडी टोइंग करून नेणं. नवीन गाडीला दोन चाव्या मिळतात. त्यातली एक कपाटात पडून असते आणि दुसरी झिजून झिजून गुळगुळीत होते. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांची अदलाबदल करा, म्हणजे दुसरी चालते की नाही हेही कळत राहील. आणि पातं कापून घ्यायचं तर झिजलेल्या चावीवरून नको, कपाटातल्या कमी वापरलेल्या चावीवरून घ्या. झिजेची नक्कल केली तर नवी चावीही पहिल्या दिवसापासून अडखळते.

गाडीबरोबर चाव्यांना अडकवलेली एक छोटी धातूची पट्टी मिळते, तिच्यावर चावीचा क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून कारखान्यातल्या मापाचं नवं पातं कापता येतं. ती पट्टी चाव्यांच्या जुडग्यात ठेवू नका, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचा फोटो टाकू नका. घराच्या कागदपत्रांत ठेवा. दसऱ्याला, पाडव्याला गाडी घेतली की चावी कॅमेऱ्यासमोर धरून फोटो काढायची हौस असते. फोटो जरूर काढा, पण पातं मुठीत झाकून. २००८ साली सॅन डिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संगणकशास्त्रज्ञांनी जवळजवळ साठ मीटर अंतरावरून, इमारतीच्या गच्चीवरून काढलेल्या छायाचित्रावरून टेबलावरच्या चावीच्या खाचांचं माप काढून दाखवलं होतं. तुमचा फोटो तर हातभर अंतरावरून काढलेला असतो.

हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या चावीची पोलिसांकडे नोंद करा आणि तिची प्रत ठेवा. विम्याचं नूतनीकरण करताना चावी बदलण्याचं पूरक संरक्षण मिळतं का, आणि त्यात मोडलेली चावी बसते की फक्त हरवलेली, हे विचारून घ्या. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. त्यांतली एक आधीच हरवली होती हे त्या वेळी सांगणं आणि ती हरवली तेव्हाची पोलीस नोंद दाखवणं, यात फार फरक पडतो. मोडून निकामी झालेली चावीही याच कारणासाठी एका पाकिटात घालून कागदपत्रांशेजारी ठेवा.

एका बाबतीत मात्र चावीचा विचारच करू नका. चावी आत राहिली, दारं बंद झाली आणि आत मूल आहे, तर चावीवाल्याची वाट पाहत थांबू नका. उन्हात बंद गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांच्या आसपास चढतं, आणि मे महिन्यात नागपूर-अकोल्याला बाहेरच पंचेचाळीस असतात. ११२ला फोन लावा, आणि मूल कोमेजलेलं दिसत असेल तर त्याच्यापासून सगळ्यात लांबची बाजूची काच कोपऱ्यावर टणक, टोकदार वस्तू मारून फोडा. समोरची काच फोडायला जाऊ नका. तिच्या दोन थरांमध्ये पापुद्रा असतो, ती तडकते पण निखळत नाही.

शेवटी, जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी. व्यवहार ठरवताना टायर पाहता, इंजिनचा आवाज ऐकता, तशाच दोन्ही चाव्या मागून घ्या आणि दोन्हींनी गाडी स्वतः सुरू करून पाहा. विकणारा 'दुसरी घरी आहे, नंतर देतो' म्हणाला तर तेवढे पैसे राखून ठेवा. एकच चावी असेल तर दुसरी करण्याचा खर्च किमतीतून वजा करा, आणि गाडी नावावर झाली की पहिल्याच आठवड्यात तिच्या मेमरीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत ते प्रोग्रामरवर पाहून घ्या. बऱ्याच गाड्यांत हा आकडा दिसतो. तुमच्या हातातल्या चाव्यांपेक्षा तो जास्त निघाला तर बाकीच्या त्याच बैठकीत पुसून टाकायला सांगा.